व्हॉल्व्ह गेला, हे कशावरून?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. गटात मोठ्याने वाचता यावं म्हणून बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आज एका जुन्या वस्तूबद्दल बोलायचं आहे.

मागच्या वेळी मिक्सरच्या दुरुस्तीबद्दल बोलले, त्यानंतर एका बचत गटातून निरोप आला. एका वहिनींनी विचारलं होतं, "ताई, आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा मोठा लाकडी रेडिओ आहे. दिवा लागतो, पण आवाज नाही. दुकानात नेला तर ते म्हणाले, पाचही व्हॉल्व्ह गेलेत, साडेचार हजार होतील. इकडे भंगारवाला तीनशे रुपये द्यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, द्यायचा नाही. आता काय करू?"

मी त्यांना उलटा एकच प्रश्न विचारला. पाचही व्हॉल्व्ह गेले, हे कशावरून? दुकानदाराने काय बघून सांगितलं, ते विचारलंत का? त्या म्हणाल्या, "नाही विचारलं. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

या एका वाक्यापायी आपले किती पैसे जातात! मोटार असो, टीव्ही असो, नाहीतर रेडिओ असो, समोरचा सांगेल ते आपण मान खाली घालून ऐकतो. रेडिओ दुरुस्त करायला मी आज शिकवणार नाही. ते पंधरा मिनिटांत होत नाही, आणि त्यात जिवाला धोका आहे. पण व्हॉल्व्ह खरंच गेलाय का, हे बाहेरून कसं ओळखायचं आणि मेकॅनिकला काय विचारायचं, एवढं आपल्यातल्या प्रत्येकीला जमेल.

मी कोण हे सांगायची, तर माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटल्यावर मी तिथे बसायची. आधी गिऱ्हाइकाचं नाव चिठ्ठीवर लिहून रेडिओला बांधायचं काम होतं. मग स्क्रू काढायला लागले, मग सोल्डर करायला शिकले. त्या काळी दुकानात मर्फी, फिलिप्स, बुश असे सेट यायचे. घरात रेडिओ असला की त्याचं लायसन्स काढायला पोस्टात जावं लागायचं. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, आणि पुढे कितीतरी वर्षं ती गाणी घरोघरी याच व्हॉल्व्हच्या रेडिओंनी ऐकवली. नंतर सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर आले आणि मोठे सेट माळ्यावर गेले. काही घरांत ते अजून आहेत. कुणाच्या वडिलांनी पहिल्या उसाच्या बिलातून घेतलेला, कुणाच्या लग्नात आलेला.

व्हॉल्व्ह म्हणजे काय?

रेडिओच्या मागच्या जाळीतून बघितलं, तर आत काचेच्या उभ्या नळ्या दिसतात. साधारण अंगठ्याएवढ्या. तेच व्हॉल्व्ह. काचेच्या आतली हवा कारखान्यातच काढून घेतलेली असते.

आत मधोमध एक बारीक नळकांडी असते आणि तिच्या पोटात तार. वीज आली की तार लाल होते आणि नळकांडी तापते. नळकांडीवर एक पांढरा लेप दिलेला असतो. तो तापला की त्यातून विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, बाहेर पडतात. भोवती पत्र्याची डबी असते, तिला प्लेट म्हणतात. प्लेटवर दोनशे-अडीचशे व्होल्ट असतात, त्यामुळे कण तिच्याकडे ओढले जातात. आणि या दोघांच्या मध्ये एक बारीक तारेची जाळी असते.

ही जाळी म्हणजे पाटाचं दार समजा. पाटाला भरपूर पाणी असतं, पण एका हाताने दार थोडं वर-खाली केलं की सगळं पाणी कमी-जास्त होतं. रेडिओ केंद्राकडून हवेतून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो. तो या जाळीवर दिला, की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमी-जास्त होतो. बारीक आवाजाचा मोठा आवाज असा होतो.

पहिला असा व्हॉल्व्ह १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी केला. त्यातून वीज एकाच दिशेने जायची, आपल्या पंपाच्या पाइपातल्या व्हॉल्व्हसारखी, म्हणून हे नाव. दोनेक वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मधली जाळी घातली. आपल्या देशात बंगळूरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले.

घरगुती रेडिओत बहुतेक वेळा पाच व्हॉल्व्ह असायचे. पहिला केंद्र निवडतो, दुसरा सिग्नल मोठा करतो, तिसरा त्यातला आवाज वेगळा काढून वाढवतो, चौथा स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. त्याला आउटपुटचा व्हॉल्व्ह म्हणतात. पाचवा घरातल्या विजेतून बाकीच्यांना लागणारी एका दिशेची वीज करून देतो. तो रेक्टिफायर. काही सेटमध्ये एकाच नळीत दोन कामं बसवलेली असतात.

रोजगार हमीच्या कामावर आपण ओळीने पाट्या देतो ना, तसं हे काम आहे. एक बाई थांबली की पाटी पुढे जात नाही, सगळं काम थांबतं. पण काम थांबलं म्हणून मुकादम पाचही बायांना घरी पाठवतो का? कोण थांबली, ते बघतो. रेडिओतही तसंच बघायचं.

वय झालं म्हणून बदलायचा नाही

बरेच जण म्हणतात, पन्नास वर्षं झाली, व्हॉल्व्ह संपले असणार. तसं नसतं. व्हॉल्व्हचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, चाललेल्या तासांत मोजतात. नुसता माळ्यावर ठेवलेला चांगला व्हॉल्व्ह झिजत नाही. चालू असतानाच वरचा लेप हळूहळू थकतो.

हिशोब करून बघा. एखादा व्हॉल्व्ह पाच हजार तास चालतो असं धरलं आणि घरात रेडिओ रोज दोन तास लावला, तर वर्षाचे ७३० तास झाले. म्हणजे जवळजवळ सात वर्षं. आणि सगळे सारखे झिजत नाहीत. आउटपुटचा आणि रेक्टिफायर हे दोघं जास्त वीज वाहतात, जास्त तापतात, म्हणून तेच आधी दमतात. बाकीच्यांचं काम हलकं. ते यांच्या कितीतरी पट टिकतात. म्हणून पाचही एकदम गेले असं कुणी सांगितलं, तर आधी शंका घ्यायची.

व्हॉल्व्हची म्हणून जी नसतात, ती दुखणी

आता वहिनींच्या रेडिओकडे येऊ. त्या म्हणाल्या, दिवा लागतो. मैत्रिणींनो, केंद्रांच्या आकड्यांमागे जो उजेड दिसतो, तो व्हॉल्व्हचा नव्हे. ती वेगळी छोटी बत्ती आहे. ती लागली म्हणजे वीज आतपर्यंत पोचते, एवढंच कळतं. आणि ती बत्ती गेली तरी रेडिओ चालू शकतो.

व्हॉल्व्हवर आळ घेण्याआधी या गोष्टी बघायच्या.

एक, एरियल. या सेटना बाहेरची एरियल लागते. पूर्वी भिंतीला ताणून बांधलेली तांब्याच्या जाळीची पट्टी असायची, आठवते? घराला रंग देताना ती काढली आणि परत बांधलीच नाही, असं खूप घरांत झालंय. एरियल नाही, तर केंद्र नाही.

दोन, बँडचा खटका. पुष्कळ सेटना ग्रामोफोन जोडायची सोय असते. खटका त्या जागी फिरलेला असेल तर केंद्र लागणारच नाही. लहान मुलं फिरवून ठेवतात.

तीन, व्होल्टेज. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो आणि व्हॉल्व्ह पुरते तापत नाहीत. आवाज बसतो, फाटतो. पूर्वी पिवळा बल्ब मंद झाला की कळायचं. आता एलईडी दिवा कमी दाबावरही तसाच जळतो, म्हणून पंख्याकडे बघा. पंखा रेंगाळत असेल तर रात्री उशिरा, दाब चांगला असताना रेडिओ परत ऐका. तेव्हा चांगला वाजला, तर व्हॉल्व्हचा दोष नाही.

चार, खरखर. आवाजाचं बटण फिरवतानाच खरखर होत असेल, तर त्या बटणाखालचा व्हॉल्यूम कंट्रोल मळलाय. साफ करून भागतं.

पाच, सतत घुमणारा 'हूंऽऽ' असा मोठा आवाज. हे बहुतेक वेळा फिल्टर कंडेन्सर सुकल्याचं लक्षण असतं. कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारा छोटा डबा.

सहा, व्हॉल्व्हचे पाय. व्हॉल्व्हला खाली बारीक पिना असतात, त्या सॉकेटमध्ये बसतात. दमट हवेने त्यांच्यावर गंज चढतो. मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढून, पिना साफ करून परत बसवला की कितीतरी सेट बोलायला लागतात. आमच्या दुकानात तर ही पहिली पायरीच होती.

आणि सातवी गोष्ट, हिरवा डोळा. काही मोठ्या सेटना केंद्र नीट लागलं की मिटणारा हिरवा डोळा असतो. तोही व्हॉल्व्हच आहे. सगळ्यांत आधी तोच मंद होतो, पण आवाजाशी त्याचा संबंध नाही. डोळा फिका पडला म्हणून खर्च करायची गरज नाही.

बदलायलाच हवा, याच्या पक्क्या खुणा

पहिली खूण पांढरं डोकं. चांगल्या व्हॉल्व्हच्या काचेला आतून, बहुधा टोकाला, आरशासारखा चंदेरी डाग असतो. उरलीसुरली हवा शोषून घ्यायला तो मुद्दाम दिलेला असतो. तो चंदेरी, काळपट किंवा तपकिरी असेल तर हरकत नाही. पण चुना फासल्यासारखा पांढरा झाला, म्हणजे काचेला कुठेतरी तडा जाऊन हवा आत शिरली. तो व्हॉल्व्ह संपला. त्याला तपासायचीही गरज नाही.

दुसरी खूण, तार न पेटणं. खोलीत अंधार करून, मागचं झाकण न काढता, भोकांतून लांबूनच बघायचं. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये निखाऱ्यासारखा बारीक तांबूस उजेड दिसतो. चार पेटलेत आणि एक अंधारा आहे, तर संशय त्या एकावर. त्याच्या पिना साफ करूनही तो पेटला नाही, तर तार तुटली. काही व्हॉल्व्हची तार पत्र्याआड असते आणि उजेड कमी दिसतो, म्हणून शेवटचा निवाडा मेकॅनिकने मीटर लावून करायचा.

इथे एक मेख आहे. काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांना एसी-डीसी सेट म्हणतात. त्यांच्यात सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा गणपतीतल्या लाइटच्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसंच इथे एका व्हॉल्व्हची तार तुटली की पाचही अंधारे. अशा वेळी 'पाचही गेले' असं वाटतं. गेलेला असतो एकच.

तिसरी खूण, आत ठिणग्या उडणं किंवा व्हॉल्व्हच्या पोटात जांभळा-गुलाबी उजेड भरणं. लगेच बंद करायचा. काचेच्या आतल्या बाजूला नुसती फिकट निळी झाक दिसली, तर मात्र घाबरू नका. आउटपुटच्या चांगल्या व्हॉल्व्हलाही ती असते.

आणि काही खुणा नुसत्या संशयाच्या असतात. आवाज वर्षानुवर्षं हळूहळू बसत गेला. पूर्वी अर्ध्या मिनिटात बोलणारा सेट आता चार-पाच मिनिटं घेतो. मोठा आवाज केला की शब्द फाटतात. सेट तापला की गप्प होतो आणि निवला की बोलतो. टेबलाला धक्का लागला की स्पीकरमध्ये टणकन घुमतं. यात व्हॉल्व्ह असू शकतो, नसूही शकतो. इथे अंदाज चालत नाही. मेकॅनिकने त्याच नंबरचा, चांगला माहीत असलेला व्हॉल्व्ह त्या जागी लावून बघायचा. एका वेळी एकच. फरक पडला तर जुना बदलायचा, नाही पडला तर जुनाच परत बसवायचा.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगते. मी विशीत होते. शेजारच्या गावच्या एक मावशी बैलगाडीत गवतावर ठेवून रेडिओ घेऊन आल्या. वडील बाहेरगावी गेले होते. मी बघितलं, आउटपुटचा व्हॉल्व्ह गेलेला. नवा घातला, रेडिओ खणखणीत वाजला. मावशींनी कनवटीची पुरचुंडी सोडली. अंडी विकून जमवलेले पैसे होते ते. मला फार बरं वाटलं, एकटीने दुरुस्त केला म्हणून.

आठ दिवसांनी मावशी परत दारात. रेडिओ बंद. नवा व्हॉल्व्हही मेला होता. मी म्हणाले, माल खराब निघाला असेल, दुसरा घालते. वडील मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "जुना का मेला, ते बघितलंस का?"

मी गप्प. त्यांनी तिसरा व्हॉल्व्ह लावला, सेट सुरू केला आणि मला म्हणाले, आता नुसती बघत राहा. दोन-तीन मिनिटांत व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लाल व्हायला लागली. मधली तार लाल असायलाच हवी, पण हा बाहेरचा पत्रा. तो तव्यासारखा तापून लाल झाला होता. त्यांनी झटकन पिन काढली. मग आतला एक छोटा कंडेन्सर दाखवला, बोटाच्या पेराएवढा. आधीच्या व्हॉल्व्हवरची मोठ्या दाबाची वीज पुढच्याच्या जाळीवर जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. तो गळका झाला होता. म्हणजे पाटाचं दार सताड उघडं राहिलेलं, आणि पाणी सगळं शेत धुऊन नेतंय. कितीही नवे व्हॉल्व्ह घातले असते, तरी तेही असेच जळाले असते. कंडेन्सरची किंमत व्हॉल्व्हच्या मानाने काहीच नव्हती.

वडिलांनी कंडेन्सर बदलला. मावशींकडून एक पैसा घेतला नाही, पहिलेही परत केले. मला एवढंच म्हणाले, "मेलेला बदलायच्या आधी मारणारा शोध." मावशी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी आल्या तेव्हा दारातून विचारलं, "तुझा बाप आहे का आत?" ते मला अजून लागतं.

म्हणून सांगते, नवा व्हॉल्व्ह घातल्यावर तो थोड्याच दिवसांत गेला, तर दुसरा घालू देऊ नका. पहिला कशाने गेला, ते विचारा. आणि मागच्या भोकांतून पत्रा लाल झालेला दिसला, तर त्याच क्षणी बंद करा.

झाकण उघडायचं नाही

आता सगळ्यांत महत्त्वाचं. व्हॉल्व्हच्या रेडिओत आत अडीचशे व्होल्टच्या आसपास वीज खेळते. शिवाय मोठे कंडेन्सर पिन काढल्यावरही वीज धरून ठेवतात. सेट बंद आहे, पिन काढली आहे, म्हणून हात घातला, आणि झटका बसला, असं होतं. झाकण उघडायचं काम शिकलेल्या माणसाचंच.

एसी-डीसी सेट तर आणखी धोक्याचा. त्याच्या आतल्या लोखंडी सांगाड्यावर थेट घरातली वीज येऊ शकते. बटणाची टोपी पडलेली असेल आणि उघडा दांडा दिसत असेल, तर त्याला हात लावू नका. मुलांना लावू देऊ नका. नातवंडं म्हणतात, आजी, याला मोबाईल जोडून गाणी लावू. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला मेकॅनिककडून तशी सोय करून घेता येते. एसी-डीसी सेटला मोबाईल कधीही जोडायचा नाही.

आणि माळ्यावरून काढलेला सेट पुसून लगेच पिन लावायची नाही. वर्षानुवर्षं बंद राहिलेले कंडेन्सर एकदम पूर्ण दाब दिला की फुटू शकतात. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, जुन्या वायरीचं रबर झडलेलं असतं. आधी मेकॅनिकला आतून बघू द्या.

नंबर जपायचा

प्रत्येक व्हॉल्व्हवर नंबर असतो. ईएल ८४, ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईझेड ८० असा. तो काचेवर वरवर छापलेला असतो, बोट घासलं तरी पुसला जातो. म्हणून धूळ दिसली तरी ओल्या फडक्याने काच पुसायची नाही. मेकॅनिकने झाकण उघडलं की आधी पाचही नंबर कागदावर लिहून घ्यायचे, कोणता कोणत्या जागी तेही.

पहिलं अक्षर बघायचं. ई असेल तर त्या व्हॉल्व्हची तार ६.३ व्होल्टवर चालते, असे व्हॉल्व्ह ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये असतात. यू असेल तर तो माळेतला, म्हणजे एसी-डीसी सेटचा. ईएल ८४ आणि यूएल ८४ दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. 'दिसतो तसाच' म्हणून कुणी लावत असेल तर थांबवा.

ईएल ८४ सारखे काही व्हॉल्व्ह परदेशात अजून बनतात, कारण गाण्याचे शौकीन व्हॉल्व्हचे अँप्लिफायर वापरतात. ईसीएच ८१ सारखे रेडिओचे व्हॉल्व्ह मात्र जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार, किंवा तालुक्यातलं बंद पडलेलं रेडिओचं दुकान, अशा ठिकाणी विचारायचं. म्हणूनच सेट भंगारात वजनावर देऊ नका. त्यातल्या चांगल्या व्हॉल्व्हची कुणाला तरी गरज असते, आणि जुने रेडिओ जपणारे लोकही आहेत. ट्रान्सफॉर्मर जळला असेल, लाकूड वाळवीने खाल्लं असेल, तर दुरुस्तीचा हट्ट नको. पण तेव्हाही नंबर लिहून ठेवून विकायचा.

वहिनींच्या रेडिओचं काय झालं?

वहिनींना मी फोनवर सांगितलं, दुकानात सेट लावून बघितलाच आहे, तर आता एकदाच लावा. आवाजाचं बटण पूर्ण फिरवा आणि स्पीकरच्या कापडाजवळ कान न्या. काही ऐकू येतं? त्या म्हणाल्या, "बारीक हूं येतंय." मी म्हटलं, मग शेवटचे दोन व्हॉल्व्ह जिवंत आहेत. रेक्टिफायर आणि आउटपुट चालत नसते, तर स्पीकर मुका राहिला असता. म्हणजे 'पाचही गेले' हे तिथेच खोटं ठरलं. मग दिवा मालवून मागून बघायला लावलं. चार पेटलेले, दुसरा अंधारा.

परवा मी आणि माझ्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक त्यांच्याकडे गेलो. अंधाऱ्या व्हॉल्व्हचं डोकं चुन्यासारखं पांढरं झालेलं. ईबीएफ ८९. वडिलांच्या पेटीत एक निघाला, तो दिला. मेकॅनिकनी दोन कंडेन्सर बदलले, त्यातला एक तोच, मावशींच्या रेडिओसारखा. तो अजून गळका नव्हता, पण वय झालेलं. व्हॉल्व्ह वयाने बदलत नाहीत, पण कागदाचे जुने कंडेन्सर वयाने जातात. बाकी चार व्हॉल्व्ह सासऱ्यांच्याच वेळचे आहेत.

त्या दुकानदाराने फसवलं, असं मी म्हणणार नाही. कदाचित त्याने व्हॉल्व्हचा सेट कधी उघडलाच नसेल, आणि सगळेच बदलून मोकळं व्हावं असं त्याला वाटलं असेल. पण 'कशावरून' एवढं विचारलं असतं, तर त्यालाही तपासावं लागलं असतं.

सेट लागला तेव्हा सासूबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. मी विचारलं, आवाज कसा आहे? म्हणाल्या, "जरा बसकाच आहे. पण तेव्हाही असाच होता."

एक गंमत सांगून थांबते. आपलं हे केंद्र एफएमवर आहे, आणि त्या रेडिओत एफएम नाही. त्यामुळे ज्या रेडिओबद्दल एवढं बोलले, त्यावर माझं हे बोलणं काही ऐकू येणार नाही. त्यांना ते कुणीतरी वाचून दाखवा.

येते. नमस्कार.

मेकॅनिकला विचारायचे प्रश्न (गटाच्या वहीत उतरवून घ्या)

१. कोणता व्हॉल्व्ह गेला? त्याचा नंबर काय?
२. गेला हे कशावरून? तार तुटली, डोकं पांढरं झालं, की दुसरा लावून बघितला?
३. पिना आणि सॉकेट साफ करून बघितलं का?
४. तो कशाने गेला? कंडेन्सर तपासले का?
५. नवा लावताना नंबर तोच आहे ना? पहिलं अक्षरही तेच ना?
६. काढलेला जुना व्हॉल्व्ह मला परत द्या.
७. सेट ट्रान्सफॉर्मरचा आहे की एसी-डीसी? झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

गटात बोलण्यासाठी: घरातली कोणती वस्तू आपण 'गेली' म्हणून टाकली किंवा विकली? ती गेली हे तेव्हा कुणी आणि कशावरून ठरवलं होतं?